हिरव्या रंगाचे दोन हात

मित्रांनो, मी ट्रे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिल्यावर बहुतेकांचा पहिला गैरसमज तोच होतो. चौकोनी, सपाट, काठाला जरासा उचललेला, दोन हातांत सहज मावणारा. सैन्याच्या भांडारात मी सात वर्षं काढली. या काळात माझ्या तोंडावर चहाचे किती पेले ठेवले गेले, ते मोजणं मी दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं.

मी एक जुना उपग्रह-संच आहे. माझं तोंड म्हणजे एक सपाट पाटी, आत अँटेना, मागे बॅटरी आणि बाजूला दोरीसारख्या वायरीने जोडलेला बोलायचा फोन. जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर एक उपग्रह आहे. तो सैन्याचा नाही, एका खासगी कंपनीचा आहे. त्याच्यावरून मासेमारीच्या बोटी घरी फोन करतात, वाळवंटात विहिरी खोदणारे लोक बायकोशी भांडतात, बातमीदार बातम्या पाठवतात. वायरी तुटल्या, मोबाइलचे मनोरे आडवे झाले, की सैन्यही त्याच उपग्रहाच्या दारात येतं आणि रांगेत उभं राहतं. त्या दाराची कडी वाजवायचं काम माझं.

माझं काम तसं सोपं आहे. मला उघड्यावर ठेवा, तोंड उपग्रहाच्या दिशेला करा. दिशा जुळायला लागली की मी 'टीं... टीं...' असा आवाज करतो. नीट जुळली की टींटींटीं असा घाईघाईने ओरडतो. मग फोन उचला आणि बोला, किंवा चार ओळींचा संदेश लिहून पाठवा. एवढंच. जगभर कोळी, ड्रायव्हर, डॉक्टर हे काम पाच मिनिटांत शिकतात. सैन्याला मात्र सात वर्षं लागली, आणि त्याचीच ही कहाणी आहे.

कारखान्यात आम्ही दोनशे भाऊ एका दिवशी तयार झालो. सगळे पांढरे. पांढरा रंग आम्हाला हौसेने दिला नव्हता. उन्हात आम्ही तापू नये आणि तोंडातून लहरी सुखरूप आत-बाहेर जाव्यात, म्हणून पारखून दिलेला तो रंग होता. आमच्याबरोबर एक पुस्तिकाही दिली होती. तिच्या चौथ्या पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, 'पुढच्या बाजूवर काहीही चिकटवू अथवा रंगवू नये.' ती पुस्तिका भांडारातल्या कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली गेली. कपाट तेव्हापासून अजिबात हललेलं नाही, एवढं मी मान्य करतो.

भांडाराचे प्रमुख एक हवालदार होते. ही गोष्ट घडली तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, सगळे त्यांना काका म्हणत. माणूस अतिशय नेटका. त्यांच्या भांडारात दोऱ्यांची वेटोळी एका मापाची, कंदील एका रांगेत, डब्यांची झाकणं एका दिशेला. धूळ दिसली तर त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. अशा माणसाच्या हाती मी पडलो म्हणून सुरुवातीला मला फार बरं वाटलं होतं.

पण वरून एक हुकूम आलेला होता. 'खासगी उपग्रहावर विनाकारण बोलू नये. संच फक्त आणीबाणीत वापरावा.' हुकूम वाईट नव्हता. त्याचा अर्थ मात्र असा लावला गेला, की आणीबाणी येईपर्यंत मला वापरायचंच नाही. दर सोमवारी माझी तपासणी व्हायची. काका मला कपाटातून काढायचे, बटण दाबायचे, हिरवा दिवा लागायचा. ते वहीत 'सुस्थितीत' असं सुंदर अक्षरात लिहायचे आणि मला परत आत ठेवायचे. वर सिमेंटचं छत, चारी बाजूंनी भिंती. दिवा लागणं म्हणजे माझ्यात बॅटरी असणं, मित्रांनो! एखाद्या माणसाचे डोळे उघडे आहेत म्हणून त्याला पोहता येतं असं म्हणण्यातलाच हा प्रकार. मी सात वर्षं दर सोमवारी सुस्थितीत होतो आणि या सात वर्षांत एकदाही आकाश पाहिलं नाही.

मग मोठ्या साहेबांची तपासणी आली.

तपासणी म्हटलं की छावणीत रंगाचे डबे उघडतात. दगड रंगतात, बादल्या रंगतात, झाडांचे बुंधे रंगतात. काकांनी भांडारावर नजर फिरवली आणि त्यांची नजर माझ्यावर अडली. सगळं सामान हिरवं आणि मधेच मी पांढराफटक. "हा एकटाच उपरा दिसतोय," ते म्हणाले. त्यांनी मला भांडाराच्या पडवीत नेलं, वर्तमानपत्रावर ठेवलं. पाण्याच्या लोखंडी टाकीला गंज चढू नये म्हणून आणलेला चंदेरी रंग थोडा उरला होता. आधी त्याचा एक हात दिला, पक्का बसावा म्हणून. त्यावर हिरव्याचे दोन हात. इतक्या प्रेमाने दिले की ब्रशचा एक केससुद्धा चिकटू दिला नाही.

त्या चंदेरी रंगात धातूची भुकटी होती. गंज थांबवते ती भुकटी लहरीही थांबवते. म्हणजे काकांनी माझ्या तोंडावर पातळसा पत्राच ठोकला, आणि मी ओरडूही शकलो नाही. मला ओरडायला आकाश लागतं. मोठे साहेब आले, रांगेकडे पाहून म्हणाले, "उत्तम." पुढच्या सोमवारी दिवा लागला आणि वहीत पुन्हा 'सुस्थितीत' आलं.

दोन महिन्यांनी डोंगराचा एक कडा नदीत कोसळला.

कडा कोसळला त्या जागी नदी अडली आणि मागे तळं साठायला लागलं. आज ना उद्या ते पाणी हा मातीचा बांध फोडून खाली सुटणार होतं. खाली पंधरा किलोमीटरवर नदीकाठी एक गाव होतं. पूल, बाजार, दवाखाना, तीन हजार माणसं. डोंगर कोसळताना वायरी आणि मनोरेही गेले होते. सैन्याचा स्वतःचा मोठा संच एका ट्रकवर बसवलेला होता आणि तो ट्रक तुटलेल्या रस्त्याच्या पलीकडे अडकून पडला होता. साध्या वायरलेसच्या वाटेत डोंगर आडवा. म्हणून कुणालातरी माझी आठवण झाली. आणीबाणी आली होती एकदाची!

गावातल्या टेकडीवरच्या शाळेत नियंत्रण कक्ष उघडला. तिथे नागरी कार्यालयाचा एक संच होता, माझ्याच दोनशे भावांपैकी एक. आम्ही वर शेजारच्या शाबूत कड्यावर बसून तळ्यावर नजर ठेवायची, पाणी सुटलं की शाळेत कळवायचं, आणि मग शाळेच्या गच्चीवरचा भोंगा वाजणार, असं ठरलं. आमच्या निरोपाशिवाय भोंगा वाजवायचा नाही, हेही ठरलं. कारण आदल्या दिवशी कुणीतरी घाबरून तो उगीच वाजवला होता. अख्खं गाव सामान डोक्यावर घेऊन टेकडीवर चढलं आणि तीन तासांनी शिव्या देत खाली उतरलं.

त्या गावात पुलाला लागून एक शिवणकामाचं दुकान होतं. ते काकांच्या थोरल्या बहिणीचं. आम्ही शाळेत थांबलो तेव्हा काका मला काखेत धरूनच तिच्याकडे गेले. ती मशीनवर बसली होती, पाय थांबवला नाही.

"ताई, आजच्या दिवस वर शाळेत जाऊन बस."

"काल गेले होते. गुडघ्यांचं पार पीठ झालं. त्या भोंग्याचं काही खरं नाही बाबा."

"मग पाणी आलं तर?"

"तू वर बसणार आहेस ना? मग तू सांग. तू म्हणालास ऊठ, तर उठेन. भोंग्यासाठी नाही उठायची." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हे काय, ट्रे?"

"हा आकाशाशी बोलतो, ताई."

"वा. आकाशाशी बोलतो. तुला बहिणीशी बोलायला मात्र सहा-सहा महिने सवड नसते."

काका हसले. मी हसलो नाही. माझ्या तोंडावर तीन हात रंग होता आणि तिचं उठणं-न उठणं माझ्यावर टाकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने आम्हाला कड्यावर सोडलं. आम्ही म्हणजे मेजरसाहेब, काका, मी आणि नदीखात्याच्या एक बाई. या बाई पाण्याची पातळी मोजायच्या, म्हणून सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत. हेलिकॉप्टर दुसऱ्या कामाला निघून गेलं, ते चार वाजता परत येणार होतं. मोजणीबाई उतरल्या उतरल्या पट्टी घेऊन तळ्याच्या काठाला गेल्या. काकांनी मला एका सपाट दगडावर ठेवलं.

मित्रांनो, सात वर्षांनी मी तोंड वर करून आकाश पाहिलं! स्वच्छ निळं, ढगाचा ठिपकाही नाही. काकांनी बटण दाबलं, दिवा लागला. माझं तोंड बरोबर दिशेला होतं. वर उपग्रह आहे हे मला ठाऊक होतं आणि मला त्याचा कणभरही आवाज येत नव्हता. कानात बोळे घालून लग्नाच्या वरातीत उभं करावं तसं झालं. मी गप्प.

"लागला का?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"दिवा लागलाय, साहेब."

"दिव्याचं काय करू? शाळा लागली का?"

काकांनी मला डावीकडे फिरवलं. उजवीकडे फिरवलं. उंच दगडावर नेलं, मग त्याहून उंच दगडावर. माझं तोंड रुमालाने पुसलं, मग बाहीने. पुसून पुसून चकचकीत केलं त्यांनी, मला आणि माझ्यावरच्या त्या पत्र्याला. दीड तास हे चाललं. मेजरसाहेबांचा पारा चढत गेला.

"मी आधीच म्हणत होतो, ही सिव्हिल वस्तू भरवशाची नाही! दुसऱ्याच्या उपग्रहावर लढाया होतात का कुठे? त्या कंपनीनेच बंद केलं असणार!"

कंपनीने काही बंद केलेलं नव्हतं. त्याच क्षणी त्याच उपग्रहावरून कुठलासा कोळी आपल्या मुलीला गणितात किती मार्क मिळाले ते विचारत असणार. माझा इतका संताप झाला, की मला हात असते तर मी स्वतःच ते रंग ओरबाडून काढले असते. चौथं पान वाचा, चौथं पान! पण चौथं पान कपाटाच्या पायाखाली होतं.

बारा वाजून गेल्यावर मोजणीबाई धापा टाकत वर आल्या. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या.

"मेजरसाहेब, पाणी बांधावरून सांडायला लागलंय. आता ते माती कापत जाणार. अर्धा तास, फार तर पाऊण. पाठवा निरोप."

काकांनी मला पुन्हा एकदा डावीकडे फिरवलं.

"पाठवा ना!"

"लागत नाही," मेजरसाहेब म्हणाले. "सकाळपासून लागत नाही."

"आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?" बाईंचा आवाज चिरका झाला. "खाली माणूस धाडला तर?"

"पाच तास लागतील उतरायला."

बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. त्यांनी मला वर-खाली पाहिलं, मागचं लेबल वाचलं, परत पुढून पाहिलं.

"हा तर आमच्या ऑफिसात आहे तोच संच. आमचा पांढरा आहे." त्या थांबल्या. "हा हिरवा कुणी केला?"

काकांचा हात माझ्या काठावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

"मी," ते म्हणाले. "तपासणी होती."

"नुसता हिरवाच दिलाय ना?"

"खाली टाकीचा चंदेरी आहे. पक्का बसावा म्हणून."

बाईंनी कपाळावर हात मारला, पण तेवढाच वेळ. मग त्यांनी पिशवीतून लोखंडी पट्टी काढली आणि माझ्या तोंडावर खरवडायला सुरुवात केली. काकांनी दाढीचं पातं काढलं. मेजरसाहेब क्षणभर उभेच राहिले, मग गुडघ्यावर बसले आणि नकाशाची मोजपट्टी घेऊन एका कोपऱ्याला लागले. तीन शहाणीसुरती माणसं डोंगरावर बसून एक ट्रे खरवडत होती. खालून पाण्याचा आवाज वाढत होता.

रंग निघता निघेना. काकांनी इतका पक्का बसवला होता. हिरव्या सालपटांखालून चंदेरी निघे, चंदेरीखालून कुठे कुठे पांढरा. पात्याने काकांची बोटं कापली, माझ्या तोंडावर रक्त लागलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि पुढे खरवडत राहिले. ते सारखं पुटपुटत होते, "प्रेमाने दिला होता रे, प्रेमाने दिला होता." मला ठाऊक होतं ते. म्हणून तर माझा राग धड बाहेर पडत नव्हता. निष्काळजी माणसावर चिडणं किती सोपं असतं! इतक्या काळजीने वाटोळं करणाऱ्यावर कसं चिडायचं?

निम्म्याहून जास्त तोंड मोकळं झालं तेव्हा मला फार लांबून, फार बारीक असा काहीतरी आवाज आला. मी जीव एकवटून म्हणालो, "टीं."

तिघांचेही हात थांबले.

"टीं... टीं..."

"बोलण्याइतका जोर नाही त्याच्यात," बाई म्हणाल्या. "लिहून पाठवा."

मेजरसाहेबांनी लिहिलं, 'पाणी सुटलं. भोंगा वाजवा.' मी ते वर नेलं आणि शाळेतल्या भावाच्या हाती दिलं. मिनिटभराने उत्तर आलं. ते वाचून मेजरसाहेबांच्या कपाळाची शीर टरारून फुगली.

'संदेश क्रमांक नमूद केलेला नाही. कृपया विहित नमुन्यात पाठवावे.'

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला जे दिलं ते पोचवावं लागतं. पण असली ओळ पोचवताना मला स्वतःचीच लाज वाटली. मेजरसाहेबांनी काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. क्रमांक मात्र त्यांनी लिहिला, 'एक.' दोन मिनिटांनी उत्तर आलं, 'भोंगा वाजवला.'

आम्हाला वर काहीच ऐकू आलं नाही. मेजरसाहेबांनी टोपी काढून तोंड पुसलं. काका मात्र फोनकडे पाहत तसेच बसून होते.

"साहेब, अजून एक निरोप पाठवायचा होता."

"काय?"

"बहीण आहे पुलाजवळ. भोंग्याने उठणार नाही. माझ्या शब्दाने उठेल."

"हवालदार, ही सरकारी..." मेजरसाहेब बोलायला लागले आणि मधेच थांबले. खाली बांधाचा मोठा लचका धाडकन सुटला होता आणि पाणी तपकिरी होऊन उसळत निघालं होतं. "लिहा. क्रमांक घाला, नाहीतर परत करतील."

काकांनी रक्ताळलेल्या बोटांनी लिहिलं, 'क्रमांक दोन. पुलाजवळ शिवणकाम करणाऱ्या बाईंना सांगा, भाऊ म्हणतोय ऊठ.'

तो निरोप मी वर नेला. आयुष्यात इतक्या जपून मी काही नेलं नव्हतं. उत्तर आलं नाही. टीं टीं सुद्धा बंद झालं, कारण माझी बॅटरी सकाळपासूनच्या फिरवाफिरवीत संपत आली होती. काकांनी मला बंद केलं आणि मांडीवर घेतलं. पाणी खाली जाताना ते डोळे मिटून बसले होते. दर अर्ध्या तासाने ते मला एक मिनिट चालू करायचे, पाहायचे, आणि परत बंद करायचे. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. मोजणीबाईंनी डबा उघडून पुढे केला, त्यांनी मान हलवली.

चारला दहा मिनिटं कमी असताना मी चालू झालो आणि निरोप माझ्यात येऊन पडला. शाळेतल्या कारकुनाने तोही नमुन्यात बसवला होता.

'संदेश क्रमांक सात. बाईंचे म्हणणे पुढीलप्रमाणे. मशीन गेली. मी शाळेत आहे. तू जेवलास का.'

काकांनी ते दोनदा वाचलं. मग मोजणीबाईंकडे डब्यासाठी हात पुढे केला, आणि रडत रडत जेवले.

पूल गेला, नदीकाठची दुकानं गेली. माणसं राहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हेलिकॉप्टरचा मोठा फोटो आला. हेलिकॉप्टरने त्या दिवशी आम्हाला फक्त नेलं-आणलं होतं, पण असो. चौकशी झाली तेव्हा काकांनी एका ओळीचा जबाब लिहिला, 'रंग मी दिला.' मेजरसाहेबांनी त्याखाली लिहिलं, 'आणि आम्ही कुणी सात वर्षांत एकदाही तो बाहेर नेऊन पाहिला नाही.' त्यानंतर हुकूम बदलला. दर सोमवारी मला गच्चीवर न्यायचं आणि एक खरा निरोप खऱ्या माणसाला पाठवायचा. कपाटाच्या पायाखालून पुस्तिका निघाली. कपाट आता डुगडुगतं.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आली. नवे साहेब माझं खरवडलेलं, डागाळलेलं तोंड पाहून नाक मुरडणार, हे नक्की होतं. वरच्या कचेरीतून चिठ्ठी आली, 'सदर संच अशोभनीय दिसतो. रंगवून घ्यावा.' ती चिठ्ठी ऐकली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन हजार माणसं! आणि यांना मी अशोभनीय दिसतो!

काकांनी चिठ्ठी खिशात घातली, रजेचा अर्ज दिला आणि मला मापाला नेतात तसं बहिणीकडे नेलं. तिने टेकडीच्या उताराला नवं दुकान मांडलं होतं. तिने टेप लावून माझी लांबी-रुंदी घेतली आणि नव्या मशीनवर माझ्यासाठी एक खोळ शिवली. सुती, हिरवीगार, तीन बटणांची. कापडाने लहरी अडत नाहीत. काकांनी आधी मोजणीबाईंना विचारून घेतलं होतं. खोळीच्या आतल्या बाजूला ताईने दोऱ्याने अक्षरं काढली, 'रंग देऊ नये. माझ्या भावाला विचारा.'

तपासणीच्या दिवशी नवे साहेब माझ्यासमोर थांबले. "रंग छान लागलाय," म्हणाले आणि पुढे गेले. हात लावून पाहिलं नाही. काका सावधान उभे होते, त्यांची मिशी तेवढी हलली.

मित्रांनो, काका आता निवृत्त झालेत. आणि तुमच्याकडे मी थोडी चिडचिड करूनच मागणं मागतो. तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत अडचणीच्या वेळेसाठी म्हणून जे जे जपून ठेवलंय, ते आज बाहेर काढा. वापरून बघा. नुसता दिवा पाहून 'सुस्थितीत' लिहू नका. आणि कृपा करून माझ्यावर चहा ठेवू नका.

सोमवार मात्र अजून पाळला जातो. खऱ्या माणसाचा नंबर म्हणून काकांनी जाता जाता वहीत ताईचा नंबर घालून ठेवलाय, आणि गंमत म्हणजे काका आता तिथेच राहतात, तिच्या दुकानात काजं-बटणं करतात. नवी भांडारवाली मला गच्चीवर नेते, खोळीसकट उपग्रहाकडे धरते, टींटींटीं झालं की विचारते, "आवाज येतोय का?"

छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन, तेवढंच खाली येऊन, पलीकडून ताईचा आवाज येतो, "येतोय. तू जेवलीस का गं?"